एक ध्वनिवर्धक, अनेक ध्वनिक्षेपक : जोडणीचा हिशेब आणि सुरक्षितता

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात दाना ओली नावाची वस्ती आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. फौजेबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा, आपले सण आणि पेठेला ‘ओळ’ म्हणण्याची आपली रीतही तेथे नेली. नागपूरच्या इतवारीत जशी सराफ ओळ, तशी ग्वाल्हेरीत दाना ओली.

ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात करून ती महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तिचा देशभर प्रसार केला. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. पंडित कृष्णराव शंकर पंडित (१८९३-१९८९) यांच्या तरुणपणी गवयाचा किंवा कीर्तनकाराचा आवाज दिवाणखान्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत आपल्या बळावर पोहोचत असे. आता श्रोते दिवाणखान्यात मावत नाहीत. गणेशोत्सवातील कीर्तन गल्लीच्या एका टोकाला रंगते आणि श्रोते दुसऱ्या टोकापर्यंत उभे असतात. अशा वेळी ध्वनिवर्धकाचे, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरचे, साहाय्य घ्यावे लागते.

साहाय्य घेण्यास कोणाचीही हरकत नाही. मात्र ते घेताना हिशेब राहून जातो. प्रथम दोन ध्वनिक्षेपक जोडले जातात. मागच्या मंडळींना ऐकू येत नाही, म्हणून आणखी दोन येतात. शेजारच्या मंडळाकडून मागून आणलेले दोन कर्णे हाती लागेल त्या तारेने त्यांतच गुंतविले जातात. ध्वनिवर्धक तापू लागतो, आवाज फाटतो आणि ऐन आरतीच्या वेळी यंत्र मुके होते. क्वचित प्रसंगी तारेतून धूर निघतो किंवा पावसात भिजलेल्या खांबाला हात लागून एखाद्याच्या प्राणावर बेतते. या सर्व गोष्टी टाळण्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे. येथे उदाहरण दाना ओलीसारख्या गल्लीचे घेतले असले, तरी नियम कोणत्याही वाडीस, शाळेस व ग्रामपंचायतीस लागू पडतात.

भार म्हणजे काय?

ध्वनिक्षेपकाच्या पाठीवर सामान्यतः दोन आकडे असतात. एक वॉटचा, दुसरा ओहमचा. तो ध्वनिक्षेपक किती शक्ती सोसू शकतो हे वॉटवरून कळते. प्रवाहाला तो किती अडथळा करतो, म्हणजे त्याचा रोध किती, हे ओहमवरून कळते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो : विद्युत्दाबाला रोधाने भागले असता प्रवाह मिळतो.

शेतकरी वाचकांना हे पाटाच्या पाण्यावरून सहज उमगेल. पाटाला एक बारे फोडले तर ठरावीक पाणी वाहते. दुसरे, तिसरे, चौथे बारे फोडीत गेले म्हणजे पाण्याला वाटा वाढतात व पाटावरील ओढ वाढते. ध्वनिक्षेपक शेजारी शेजारी जोडीत गेल्यास नेमके हेच घडते. ध्वनिक्षेपकांची संख्या वाढली की एकूण रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि तो सर्व प्रवाह ध्वनिवर्धकाच्या ट्रान्झिस्टरमधून जावा लागतो.

समजा, ध्वनिवर्धक १०० वॉटचा असून ४ ओहमच्या भारासाठी बनविलेला आहे. पूर्ण आवाजात तो २० व्होल्ट दाब देतो व ५ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच यंत्राला २ ओहमचा भार जोडल्यास प्रवाह १० अँपिअर होऊ पाहतो. यंत्र दुप्पट प्रवाहासाठी बनविलेले नसते. एक तर फ्यूज वितळतो अथवा ट्रान्झिस्टर जळतो. जळालेल्या ट्रान्झिस्टरमधून एकदिश प्रवाह सरळ ध्वनिक्षेपकात शिरला, तर त्यातील वेटोळेही जळते. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार बसविणे म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणे होय.

यावरून पहिला नियम असा : जोडलेल्या सर्व ध्वनिक्षेपकांचा एकूण रोध यंत्रावर लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी असता कामा नये. तो अधिक असल्यास आवाज थोडा कमी निघेल, परंतु ट्रान्झिस्टरच्या यंत्राला इजा होणार नाही. एखाद्या मंडळाने जुने व्हॉल्व्हचे यंत्र जतन करून ठेवले असेल, तर ते मात्र भार जोडल्याशिवाय कधीही चालवू नये.

एकसर आणि समांतर जोडणी

ध्वनिक्षेपक जोडण्याचे मूळ प्रकार दोन. एकसर जोडणीत प्रवाह एका ध्वनिक्षेपकातून निघून दुसऱ्यात जातो. येथे ओहमची बेरीज होते. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक एकसर जोडल्यास १६ ओहम होतात. समांतर जोडणीत प्रत्येकाची एक तार एका बाजूस व दुसरी तार दुसऱ्या बाजूस असते. सर्व ध्वनिक्षेपक सारखेच असतील, तर एकाच्या ओहमला त्यांच्या संख्येने भागावे. ८ ओहमचे दोन समांतर जोडल्यास ४ ओहम, चार जोडल्यास २ ओहम.

चार ध्वनिक्षेपकांसाठी संमिश्र जोडणी सोयीची ठरते. दोन-दोनच्या एकसर जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडी १६ ओहमची होईल. मग त्या दोन जोड्या समांतर जोडाव्यात. एकूण रोध पुन्हा ८ ओहम येतो. मात्र या रीतीत सर्व ध्वनिक्षेपक एकाच जातीचे असले पाहिजेत. शिवाय एकसर जोडीतील एक ध्वनिक्षेपक बंद पडला, की त्याचा जोडीदारही बंद पडतो.

रोध मोजताना एक सावधगिरी बाळगावी. साध्या मल्टिमीटरने ८ ओहमचा ध्वनिक्षेपक मोजल्यास सुमारे ६ ते ७ ओहम दिसतात. हा दोष नव्हे. मल्टिमीटर एकदिश प्रवाहाचा रोध मोजतो. आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा त्याहून अधिक असतो.

लांब गल्लीत तारच शक्ती खाते

मंचाशेजारी दोन-चार पेट्या ठेवावयाच्या असतील, तर वरील जोडणी पुरेशी आहे. परंतु गल्ली १०० मीटर लांब असल्यास निराळीच अडचण उभी राहते. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाण्याची १०० मीटर व येण्याची १०० मीटर, अशी २०० मीटर तार धरल्यास तिचा रोध सुमारे २.४ ओहम होतो. त्या तारेच्या टोकाला ४ ओहमचा भार जोडला, तर एकूण रोध ६.४ ओहम होईल आणि २० व्होल्ट दाबाला प्रवाह ३ अँपिअरच्या थोडा वर येईल. १०० वॉटच्या यंत्राकडून ध्वनिक्षेपकाला मिळतील जेमतेम ३९ वॉट. सुमारे २३ वॉट तार तापविण्यात जातील.

वीज दूरच्या गावी पोहोचविताना दाब वाढवितात व प्रवाह कमी ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक ध्वनियोजनेतही तीच युक्ती योजिली जाते. तिला १०० व्होल्टची वाहिनी म्हणतात. मोठ्या ध्वनिवर्धकाच्या पाठीमागे ४, ८ व १६ ओहमच्या खुणांशेजारी १०० व्होल्टची, काही यंत्रांवर ७० व्होल्टचीही, खूण आढळते ती याचसाठी. या वाहिनीवर १०० वॉटसाठी अवघा १ अँपिअर प्रवाह पुरतो आणि त्याच तारेत सुमारे २.४ वॉटच वाया जातात.

पंगतीचा हिशेब

१०० व्होल्टच्या वाहिनीवरील प्रत्येक ध्वनिक्षेपकाला एक लहान ट्रान्सफॉर्मर लागतो. कारागीर त्याला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्यावर ५, १०, १५, २० वॉट अशा निरनिराळ्या खुणा असतात. ज्या खुणेवर तार जोडावी, तेवढीच शक्ती तो ध्वनिक्षेपक घेतो. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाने आपल्याला किती पोळ्या लागतील हे आधीच सांगावे आणि आचाऱ्याने बेरीज करून तेवढी कणीक मळावी, तसा हा प्रकार आहे. येथे ओहमचा गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. सर्व ध्वनिक्षेपक समांतर जोडावयाचे आणि वॉटची बेरीज करावयाची, एवढेच काम.

यावरून दुसरा नियम : वॉटची बेरीज ध्वनिवर्धकाच्या शक्तीच्या शेकडा ८० पेक्षा अधिक होऊ देऊ नये. २५० वॉटच्या यंत्रावर २०० वॉटपर्यंतच भार घालावा. गल्लीत ८ उभ्या पेट्या प्रत्येकी १० वॉटवर व मंडपात ४ पेट्या प्रत्येकी १५ वॉटवर ठेवल्या, तर ८० अधिक ६० मिळून १४० वॉट होतात. आणखी पेट्या जोडण्यासही वाव राहतो आणि यंत्र रात्रीपर्यंत निर्धास्त चालते.

ज्यांना ओहमच्या भाषेत पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी १०० च्या वर्गाला, म्हणजे १०,००० ला, वॉटने भागावे. २५० वॉटच्या यंत्राला किमान ४० ओहमचा भार चालतो. १४० वॉटच्या जोडणीचा भार सुमारे ७१ ओहम येतो. अर्थात जोडणी सुरक्षित आहे. ट्रान्सफॉर्मर लावलेल्या वाहिनीवर साधा मल्टिमीटर पुष्कळच कमी आकडा दाखवितो. त्यावर विसंबू नये. त्यासाठी वेगळे मापक मिळते.

येथे दोन चुका विशेषेकरून टाळावयाच्या आहेत. ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा ध्वनिक्षेपक १०० व्होल्टच्या वाहिनीला कदापि जोडू नये. तसे केल्यास पूर्ण आवाजात तो साडेबारा अँपिअर प्रवाह, म्हणजे १,२५० वॉट, मागेल. क्षणात ध्वनिक्षेपक जळेल आणि यंत्रही धोक्यात येईल. दुसरी चूक म्हणजे एकाच यंत्राच्या ८ ओहमच्या व १०० व्होल्टच्या खुणांवर एकाच वेळी स्वतंत्र भार घालणे. दोन्ही बाजूंनी पंगत वाढावयाची झाली, तरी कणीक तेवढीच असते.

जोडताना अधिक खुणेची तार सर्वत्र अधिक खुणेलाच लावावी. एका पेटीच्या तारा उलटल्या, तर ती शेजारच्या पेटीच्या विरुद्ध दिशेने हवा ढकलते आणि मधल्या जागी आवाज पोकळ होतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या पेटीच्या खुणा पुसल्या असतील, तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. कागदी पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या अधिक टोकाला लावलेली तार अधिक खुणेची समजावी.

मोठा आवाज की जवळचा आवाज?

पुष्कळ ठिकाणी असा समज असतो, की मागे ऐकू येत नसेल तर पुढचा आवाज वाढवावा. ध्वनिशास्त्र निराळे सांगते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. शक्ती दुप्पट केली तरी पातळी ३ डेसिबलनेच चढते. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते.

आता ६४ मीटर अंतरावरील श्रोत्याला ६५ डेसिबल ऐकू यावेत, असे मानू. मंचावर एकच पेटी असेल, तर तिच्यापासून १ मीटरवर १०१ डेसिबल निर्माण करावे लागतील आणि ४ मीटरवर बसलेल्या मुलांच्या कानांवर ८९ डेसिबल आदळतील. याउलट दर ८ मीटरवर एक लहान पेटी टांगली, तर कोणताही श्रोता सुमारे ४ मीटरपेक्षा दूर राहत नाही. प्रत्येक पेटीला १ मीटरवर ७७ डेसिबल पुरतात. हा २४ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या भाषेत सुमारे अडीचशेवा हिस्सा होय. अशा ८ पेट्या मिळूनही त्या एका पेटीच्या तिसाव्या हिश्श्याइतकीच शक्ती घेतात. गल्लीतील भिंतींमुळे, गर्दीमुळे व पेटीच्या जातीमुळे प्रत्यक्षात आकडे बदलतील. पण कल बदलणार नाही. शक्तिमान ध्वनिवर्धकाचा खरा उपयोग एका ठिकाणी गर्जना करण्यात नसून अनेक ठिकाणी थोडे थोडे वाटण्यात आहे.

शब्द स्पष्ट ऐकू येण्याच्या दृष्टीनेही हेच इष्ट. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तारेतून संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. पुढच्या मोठ्या पेटीचा आवाज ६४ मीटरवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात तेथील पेटीतून शब्द निघून गेलेला असतो. दोन्ही आवाज सारखेच मोठे असल्यास निरूपणातील शब्द एकमेकांवर चढतात. पुढचा आवाज मर्यादित ठेवला, म्हणजे जवळच्या पेटीचा शब्द तेवढा कानी येतो.

ट्रान्सफॉर्मरवरील खुणांचा आणखी एक उपयोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या घरात आजारी माणूस, तान्हे मूल किंवा परीक्षेचा विद्यार्थी असेल, त्या घरासमोरील पेटी १० ऐवजी ५ वॉटच्या खुणेवर आणता येते. गल्लीतील इतर पेट्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

पाऊस, वीज आणि खांब

गणेशोत्सव भाद्रपदात येतो. त्या दिवसांत पावसाची सर केव्हाही येते. १०० व्होल्टच्या वाहिनीतील दाब ओल्या हाताला इजा करू शकतो. म्हणून ती तार विजेच्या तारेप्रमाणेच मानावी. पुढील गोष्टींची दक्षता घेण्यात यावी.

१. यंत्र बंद करून, तीन पिनांचा प्लग काढल्यावरच जोडणीस हात लावावा.

२. यंत्राला चांगला भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, असलाच पाहिजे. अर्थिंगची पिन तोडून यंत्र चालविल्यास बिघाडाच्या वेळी वीज यंत्राच्या पत्र्यात व तेथून कीर्तनकाराच्या हातातील मायक्रोफोनमध्ये उतरू शकते.

३. वीजपुरवठ्याच्या मार्गावर गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा.

४. तारेचे जोड डब्यात बंद करावेत. नुसत्या पिळलेल्या व उघड्या तारा ठेवू नयेत. तार जमिनीवरून, पाण्यातून किंवा पत्र्याच्या धारेवरून नेऊ नये.

५. वीज मंडळाच्या खांबावर ध्वनिक्षेपक किंवा तार बांधू नये. पेटी टांगताना मुख्य आधाराखेरीज एक जादा दोरखंड अथवा साखळी लावावी.

६. मायक्रोफोन ध्वनिक्षेपकांच्या समोर ठेवू नये. त्यामुळे शिटी वाजते आणि त्या शिटीत यंत्राची पूर्ण शक्ती ध्वनिक्षेपकांवर येते.

७. यंत्राभोवती हवा खेळती ठेवावी. त्यावर सतरंजी, हार किंवा प्रसादाचे ताट ठेवू नये.

कायद्याची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे सर्व देशाला लागू आहेत. त्यांनुसार ध्वनिक्षेपकासाठी संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे आणि उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात रात्रीच्या शांततेचे महत्त्व अधोरेखित केले आहे. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी राज्य शासन वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. मात्र ती शासनाने जाहीर केलेल्या दिवसांपुरतीच असते. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याहून वर जाता कामा नये. निवासी गल्लीत दिवसा हा आकडा ६५ येतो. मध्य प्रदेशात याशिवाय १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे.

वरील उदाहरणात ६५ डेसिबलचा आकडा घेतला तो यासाठीच. एकाच मोठ्या पेटीने ही मर्यादा पाळणे जवळपास अशक्य; लहान पेट्यांच्या ओळीने ती पाळता येते आणि कीर्तनही शेवटपर्यंत ऐकू येते.

शाळांसाठी अभ्यास

विज्ञान शिक्षकांनी हा विषय शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने प्रत्यक्ष करून दाखवावा. विद्यार्थ्यांना असे प्रश्न घालता येतील. ८ ओहमचे तीन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास रोध किती? उत्तर सुमारे २.७ ओहम, ४ ओहमच्या यंत्राला ही जोडणी चालणार नाही. १२० वॉटच्या यंत्रावर १०० व्होल्टच्या वाहिनीने १५ वॉटच्या किती पेट्या जोडाव्यात? शेकडा ८० म्हणजे ९६ वॉट. सहा पेट्यांचे ९० वॉट होतात, सातवी जोडू नये. शाळेचे पटांगण पावलांनी मोजून पेट्यांच्या जागा कागदावर आखण्याचे काम विद्यार्थ्यांच्या गटांना द्यावे. वीजजोडणी मात्र परवानाधारक तारतंत्र्यानेच करावी.

मंडळांनी व ग्रामपंचायतींनी जोडणीची जबाबदारी एका जाणत्या व्यक्तीकडे सोपवावी. तिने पेटी कोठे आहे, ती कोणत्या खुणेवर आहे आणि एकूण बेरीज किती झाली, हे एका कागदावर लिहून तो ध्वनिवर्धकाच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. ऐन वेळी कोणी आणखी एक कर्णा घेऊन आला, तर प्रथम तो कागद वाचावा, बेरीज करावी आणि मगच तारेला हात लावावा.